विमान अपघाताच्या सरकारी अहवालावर लोकांचा विश्वास का बसत नाही?

१२ जून २०२५. दुपारी १ वाजून ३८ मिनिटं ३९ सेकंद. अहमदाबादहून लंडनला निघालेल्या एअर इंडियाच्या एआय १७१ या विमानाची चाकं धावपट्टीवरून उचलली गेली. विमानातल्या रेकॉर्डरमधली नोंद १ वाजून ३९ मिनिटं ११ सेकंदांना थांबते. म्हणजे सगळं मिळून ३२ सेकंद. विमानातल्या २४२ पैकी २४१ जण गेले. बी. जे. मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहावर विमान कोसळल्यामुळे जमिनीवरचे १९ जण गेले. एकूण मृत्यू २६०. दोन्ही वैमानिक मुंबईचे होते. केबिन क्रूमध्येही बदलापूर, डोंबिवली, पनवेल भागातली मुलंमुली होती.

बरोबर महिनाभराने विमान अपघात तपास संस्थेने, म्हणजे एएआयबीने, १५ पानांचा प्राथमिक अहवाल दिला. त्यातलं एक वाक्य देशभर फिरलं. एका वैमानिकाने दुसऱ्याला विचारलं की तू इंधन का बंद केलंस, आणि दुसऱ्याने उत्तर दिलं की त्याने तसं केलेलं नाही.

माझं गाव देगलूर. विमान पकडायचं तर नांदेड नाहीतर थेट हैदराबाद गाठावं लागतं, त्यामुळे विमान हा रोजच्या बोलण्यातला विषय नाही. तरी त्या आठवड्यात बसस्थानकासमोरच्या चहाच्या टपरीवर या एका वाक्याचे तीन अर्थ कानावर पडले. एकाचं म्हणणं, पायलटनंच केलं, सरळ दिसतंय. दुसऱ्याचं, बोइंग कंपनीला वाचवायलेत. तिसरे एक वयस्कर काका होते, ते एवढंच म्हणाले, "मेलेल्या माणसाच्या नावावर टाकलं की भागलं. तो काय उठून सांगणार आहे?"

काकांचा प्रश्न या सगळ्या विषयाच्या मुळाशी आहे. म्हणून आधी अहवालात नेमकं काय लिहिलंय ते पाहू.

अहवाल काय सांगतो?

विमानाने वेग घेतला, जमीन सोडली आणि सुमारे १८० नॉटचा सर्वाधिक वेग गाठला. त्यानंतर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच, साधारण एका सेकंदाच्या अंतराने, 'रन'वरून 'कटऑफ'वर गेले. इंजिनांना इंधन मिळेना. आणीबाणीत वीज पुरवणारा छोटा पंखा विमानाच्या पोटातून आपोआप बाहेर आला. विमानतळाच्या सीसीटीव्हीतही तो दिसतो. पुढे १ वाजून ३८ मिनिटं ५२ सेकंदांना पहिला आणि ५६ सेकंदांना दुसरा स्विच पुन्हा 'रन'वर आला. पहिलं इंजिन सावरायला लागलं होतं. दुसरं पेटलं, पण वेग धरेना. एवढ्या कमी उंचीवर वेळच उरला नव्हता. ३९ मिनिटं ५ सेकंदांना 'मेडे'चा संदेश गेला आणि सहा सेकंदांत नोंद संपली.

हे स्विच घरातल्या लाइटच्या बटणासारखे नसतात. थ्रॉटलच्या खाली, दोन्ही बाजूंनी छोट्या कठड्यासारखं संरक्षण असलेल्या जागी ते बसवलेले असतात. हलवायचे तर आधी स्प्रिंगच्या विरुद्ध वर उचलावे लागतात, मग सरकवता येतात. हाताचा धक्का लागून दोन्ही स्विच एकापाठोपाठ बंद होणं अवघड म्हणतात ते यामुळे.

पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे आणि ती बऱ्याच बातम्यांत शेवटच्या परिच्छेदात गेली. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, एफएएने, डिसेंबर २०१८ मध्ये एक सूचना काढली होती. बोइंग ७३७ च्या काही विमानांत या स्विचचं लॉक निसटलेल्या अवस्थेत बसवलेलं आढळलं होतं, आणि तशाच रचनेचे स्विच ७८७ सह इतर मॉडेलमध्येही आहेत. सूचना बंधनकारक नव्हती, फक्त सल्ला होता. त्यामुळे एअर इंडियाने ती तपासणी केलेली नव्हती. या विमानातला थ्रॉटलचा संपूर्ण भाग २०१९ आणि २०२३ असा दोनदा बदलला होता, मात्र २०२३ नंतर स्विचबाबत कुठलीही तक्रार नोंदलेली नव्हती. अहवालानंतर डीजीसीएने देशातल्या अशा विमानांचे स्विच तपासायला सांगितले. एअर इंडियाने तपासणी पूर्ण करून लॉकमध्ये दोष आढळला नसल्याचं कळवलं.

वाक्याला कर्ताच नाही

इथे भाषेकडे जरा लक्ष द्यायला हवं. इंग्रजी अहवालात स्विच 'कोणी हलवले' असं म्हटलेलं नाही. त्यांची स्थिती एकीकडून दुसरीकडे गेली, इतकंच म्हटलंय. कोणत्या वैमानिकाने प्रश्न विचारला आणि कोणी उत्तर दिलं, हेही नाही. मूळ संवाद शब्दशः दिलेला नाही, त्याचा सारांश दिलाय.

मराठीत बातमी करताना अशा वाक्याची पंचाईत होते. 'स्विच गेले' असं लिहिलं तर वाचकाला अर्धवट वाटतं, म्हणून मथळ्यात कर्ता येऊन बसतो. कधी 'वैमानिकाने', कधी 'बिघाडामुळे'. मी स्वतः बातम्यांच्या डेस्कवर काम करताना ही चूक केली आहे. दहा शब्दांच्या मथळ्यात 'कोणी' हा शब्द रिकामा ठेवायला धीर लागतो.

तपास संस्थेच्या बाजूने पाहिलं तर कर्ता गाळणं बरोबरही आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे, म्हणजे आयकाओचे, जे नियम भारत पाळतो त्यांनुसार अशा तपासाचा उद्देश पुढचा अपघात टाळणं एवढाच असतो. दोष कोणाचा हे ठरवणं हे तपास संस्थेचं काम नाही, ते कोर्टाचं. प्राथमिक अहवाल साधारण ३० दिवसांत द्यायचा असतो, त्यात हाती आलेली माहिती असते, कारण नसतं. अंतिम अहवाल शक्य झाल्यास वर्षभरात द्यावा असं नियम सांगतात.

अडचण अशी की सारांश दिला, तोही सगळ्यात स्फोटक दोन वाक्यांचा, आणि त्याच्या आगेमागे काय बोलणं झालं ते दिलं नाही. मग रिकामी जागा लोकच भरतात. अमेरिकेच्या 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने तिथल्या अधिकाऱ्यांच्या हवाल्याने कॅप्टनकडे बोट दाखवणारी बातमी दिली. त्यावर अमेरिकेच्याच एनटीएसबी या तपास संस्थेच्या प्रमुख जेनिफर होमेंडी यांनी अशा बातम्या घाईच्या आणि अंदाजावर आधारलेल्या असल्याचं सांगितलं. एएआयबीनेही निष्कर्ष काढू नका असं आवाहन केलं. पण तोपर्यंत मोबाइल ते मोबाइल निकाल लागला होता.

कॅप्टनचे ९१ वर्षांचे वडील आणि वैमानिकांची एक संघटना सुप्रीम कोर्टात गेली. त्याआधी एका सामाजिक संस्थेची याचिकाही कोर्टापुढे होती. तपास पथकात डीजीसीएचेच अधिकारी असल्याचा आक्षेप त्यात होता. सप्टेंबर २०२५ मध्ये कोर्टाने निवडक माहिती बाहेर येण्यावर नाराजी व्यक्त केली. ७ नोव्हेंबरला न्यायमूर्ती सूर्यकांत आणि जॉयमाल्य बागची यांच्या पीठाने वडिलांना सांगितलं की प्राथमिक अहवालात तुमच्या मुलावर ठपका नाही, हे ओझं मनावर ठेवू नका.

एका बापाला हे ऐकायला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. अहवालातलं एक कर्ता नसलेलं वाक्य घरात शिरलं की असं होतं.

बोइंगवर संशय घेणारे वेडे आहेत का?

नाहीत. त्यांच्याकडे ताजं उदाहरण आहे. २९ ऑक्टोबर २०१८ ला इंडोनेशियात लायन एअरचं बोइंग ७३७ मॅक्स पडलं, १८९ जण गेले. सुरुवातीच्या चर्चेत वैमानिकांच्या प्रशिक्षणावर आणि देखभालीवर बरंच बोट दाखवलं गेलं. १० मार्च २०१९ ला तसंच विमान इथिओपियात पडलं, आणखी १५७ जण गेले. मग उघड झालं की एमसीएएस नावाची संगणक प्रणाली एकाच सेन्सरच्या चुकीच्या आकड्यावरून विमानाचं नाक खाली दाबत होती. लायन एअरच्या अपघाताआधी वैमानिकांना या प्रणालीची माहितीसुद्धा दिलेली नव्हती. ३४६ माणसं गेल्यावर हे कळलं असेल, तर पुढच्या वेळी 'पायलटची चूक' ऐकल्यावर माणूस थांबून विचार करणारच.

त्याहून जुनं आणि मोठं उदाहरण न्यूझीलंडचं आहे. २८ नोव्हेंबर १९७९ ला एअर न्यूझीलंडचं पर्यटकांचं विमान अंटार्क्टिकात एरेबस पर्वतावर आदळलं, २५७ जण ठार झाले. सरकारी तपास अधिकाऱ्याने वैमानिकांना मुख्यतः जबाबदार धरलं. लोकांना पटलं नाही. न्यायमूर्ती पीटर मेहन यांचा चौकशी आयोग बसला. त्यातून पुढे आलं की उड्डाणाच्या आधी कंपनीने संगणकात मार्गाचे आकडे बदलले होते आणि ते वैमानिकांना सांगितलेच नव्हते. विमान जिथे आहे असं वैमानिकांना वाटत होतं, तिथे ते नव्हतंच. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी मिळून खोटं सांगितल्याचा ठपकाही मेहन यांनी ठेवला. ठपक्याच्या त्या भागावर पुढे वरच्या कोर्टात वाद झाला, पण आकडे बदलल्याची गोष्ट कोणी पुसू शकलं नाही.

आपल्याकडचा इतिहासही दोन्ही बाजूंचा

'काश्मीर प्रिन्सेस' हे नाव जुन्या मराठी वाचकांना आठवत असेल. एअर इंडियाचं हे विमान ११ एप्रिल १९५५ ला हाँगकाँगहून जकार्ताला जाताना दक्षिण चीन समुद्रात कोसळलं. बांडुंग परिषदेला निघालेलं चिनी शिष्टमंडळ त्यात होतं. चीनचे पंतप्रधान चाऊ एन लाय यांनी ऐनवेळी बेत बदलला होता. १६ जण गेले, त्यात कॅप्टन दा. का. जठार होते. वाचलेल्या तिघांमध्ये देखभाल अभियंता अनंत कर्णिक होते, त्यांनी पुढे या अपघातावर पुस्तक लिहिलं. चीनने लगेच घातपाताचा आरोप केला. आज असं कोणी म्हणालं तर आपण त्याला कट-कारस्थानवाला म्हणू. पण समुद्रातून काढलेल्या अवशेषांत टाइम बॉम्बचा पुरावा मिळाला आणि हाँगकाँग विमानतळावर काम करणारा एक जण संशयित निघाला. तो तोपर्यंत तैवानला पळून गेला होता. तिथून त्याला परत पाठवलं गेलं नाही.

आता उलट बाजू. २४ जानेवारी १९६६ ला मुंबईहून निघालेलं एअर इंडियाचं बोइंग ७०७ आल्प्समधल्या माँ ब्लां पर्वतावर आदळलं. ११७ जण गेले, त्यांत डॉ. होमी भाभा होते. लालबहादूर शास्त्री जाऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. 'भाभांना सीआयएने मारलं' हा मेसेज दरवर्षी विज्ञान दिनाला तुमच्याही ग्रुपवर येत असेल. या दाव्याचा आधार काय? ग्रेगरी डग्लस नावाच्या लेखकाचं एक पुस्तक. रॉबर्ट क्रॉली या माजी सीआयए अधिकाऱ्याने आपल्याशी बोलताना तशी कबुली दिली, असं तो लेखक म्हणतो. पुस्तक आलं तेव्हा क्रॉली हयात नव्हते, त्यामुळे खरं-खोटं विचारायची सोय नाही. इथेही काकांचा नियम लागू होतो बरं का, मेलेल्या माणसाच्या नावावर टाकलं की भागलं.

फ्रेंच तपासाने दिलेलं कारण मात्र तपासता येतं. विमानाचं दिशा दाखवणारं एक उपकरण बंद होतं. पर्वत मागे पडलाय असं वैमानिकाला वाटलं. नियंत्रकाने स्थान दुरुस्त करून सांगितलं, पण निरोपाचा अर्थ नीट पोचला नाही आणि विमान खाली येत राहिलं. याच पर्वतावर ३ नोव्हेंबर १९५० ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' आदळलं होतं, हेही त्या मेसेजमध्ये नसतं.

मुंबईकरांना १ जानेवारी १९७८ ची रात्र आठवते. 'सम्राट अशोक' हे जम्बो जेट दुबईला निघालं आणि उड्डाणानंतर दीड-पावणेदोन मिनिटांत वांद्र्याजवळ समुद्रात पडलं. २१३ जण गेले. सुरुवातीला घातपाताची शंका घेतली गेली. चौकशीत निघालं वेगळंच. विमान किती कललंय हे दाखवणारं कॅप्टनच्या समोरचं उपकरण बिघडलं होतं. बाहेर अंधार, खाली समुद्र, क्षितिज दिसत नाही, अशा वेळी त्याने बिघडलेल्या उपकरणावर विश्वास ठेवून विमान डावीकडे आणखी कलवलं. पुढे अमेरिकेतल्या कोर्टात उपकरण बनवणाऱ्या आणि विमान बनवणाऱ्या कंपन्यांवर दावे झाले, ते १९८५ मध्ये फेटाळले गेले. मग चूक यंत्राची की माणसाची? 'दोन्हींची' हे उत्तर कोणालाच आवडत नाही, पण विमान अपघातांत बऱ्याचदा तेच असतं.

मराठवाड्याचा अपघात आणि कापसाच्या गाठी

आमच्या भागात विमान अपघात म्हटलं की आधीच्या पिढीला एकच आठवतो. २६ एप्रिल १९९३, तेव्हाचं औरंगाबाद, चिकलठाणा विमानतळ. इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ मुंबईला निघालं. धावपट्टीच्या टोकाबाहेरून बीड रस्ता जात होता आणि त्यावर कापसाच्या गाठी भरलेला ट्रक होता. विमान धावपट्टी संपल्यावर जेमतेम उचललं, त्याचं डावं चाक आणि इंजिनाचा भाग ट्रकला लागला. पुढे विजेच्या तारांना अडकून ते शेतात कोसळलं. ११८ पैकी ५५ जण गेले. दोन्ही वैमानिक वाचले.

लोकांच्या आठवणीत हा 'ट्रक आडवा आला' असा अपघात आहे. चौकशीने पहिलं कारण दिलं ते वैमानिकांचं. विमानाचं नाक उचलायला उशीर केला आणि उचलण्याची पद्धतही चुकीची होती. लोकांना वाटलं, ट्रक समोर असताना पायलटला काय दोष देता? पण ट्रक रस्त्यावर, आपल्या जागी होता. विमान तिथवर येईपर्यंत पुरेसं उंच असायला हवं होतं.

इतक्यावर चौकशी थांबली असती तर शंका रास्त ठरली असती. ती थांबली नाही. विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक रोखण्याची जबाबदारी नॅशनल एअरपोर्ट्स अथॉरिटीची होती, ती पाळली गेली नाही, हे दुसरं कारण म्हणून स्पष्ट लिहिलं. म्हणजे विमानतळ चालवणारी सरकारी यंत्रणाच कारणांत आली. वैमानिक जिवंत होते, प्रवासी जिवंत होते, रस्त्यावर माणसं होती. साक्षी झाल्या. लोकांचं म्हणणं आणि अहवालाचं म्हणणं शेजारी शेजारी ठेवून पाहता आलं.

कोझिकोडच्या ७ ऑगस्ट २०२० च्या अपघातात तसं झालं नाही. कॅप्टन दीपक साठे मूळचे हवाई दलातले, त्यांचे आईवडील नागपूरला. २१ जण गेले, साठेही गेले. त्यांनी शेवटच्या क्षणी प्रवाशांना वाचवलं अशा पोस्ट मराठीत खूप फिरल्या. वर्षभराने एएआयबीचा अहवाल आला. पावसात, मागून वारा असताना विमान जवळपास निम्मी धावपट्टी ओलांडून टेकलं आणि सहवैमानिकाने 'पुन्हा वर घ्या' असं सांगूनही उतरणं चालू ठेवलं, असं त्यात होतं. कॅप्टनच्या बाजूचं वायपर नीट चालत नव्हतं आणि कंपनीच्या व्यवस्थेतही खोट होती, हेही होतं. पण नायक की दोषी, या दोनच चौकटी ठेवल्या की वायपरबद्दल कोणी वाचत नाही.

तपास कोण करतं, हा खरा प्रश्न

एएआयबी २०१२ मध्ये स्थापन झाली. ती नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येते. नियम करणारं डीजीसीए त्याच मंत्रालयाचं. विमानतळ प्राधिकरण त्याच मंत्रालयाचं. उद्या एखाद्या अपघातात डीजीसीएने तपासणी नीट केली नाही असं निघालं, तर ते सांगणारी संस्थाही त्याच मंत्र्यांना उत्तर देणारी.

गंमत म्हणजे हा धोका भारताला माहीत नाही असं नाही. रेल्वे अपघाताची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाखाली नसतात. त्यांनी रेल्वेच्या दबावाखाली राहू नये म्हणून त्यांना दुसऱ्या मंत्रालयाखाली ठेवलंय. कोणत्या? नागरी विमान वाहतूक. रेल्वेसाठी पाळलेलं हे पथ्य विमानांसाठी मात्र पाळलेलं नाही. अमेरिकेत एनटीएसबी १९७५ पासून वाहतूक खात्यापासून पूर्ण वेगळी आहे. तिची सुनावणी लोकांसमोर होते, हजारो पानांची कागदपत्रं खुली होतात.

एवढं करूनही शंका संपते असं नाही. १७ जुलै १९९६ ला न्यूयॉर्कजवळ टीडब्ल्यूए ८०० हे विमान हवेत फुटलं, २३० जण गेले. क्षेपणास्त्र पाहिल्याचं अनेकांनी सांगितलं. एनटीएसबीने समुद्रातून तुकडे काढून विमानाचा मोठा भाग पुन्हा जोडला, चार वर्षं तपास केला आणि मधल्या इंधन टाकीतल्या वाफेचा स्फोट हे कारण दिलं. क्षेपणास्त्रवाले आजही आहेत. फरक एवढाच की तिथे त्यांना 'हा तुकडा बघा' असं दाखवता आलं.

कॉकपिटमधलं रेकॉर्डिंग सरळ लोकांसमोर का आणत नाहीत, असंही विचारलं जातं. आवाज जाहीर न करण्याचा संकेत जगभर आहे. आपलं बोलणं टीव्हीवर वाजणार हे कळलं तर वैमानिक कॉकपिटमध्ये मोकळेपणी बोलणार नाहीत, आणि शेवटचे क्षण कुटुंबाने असे ऐकावेत असंही कोणाला वाटत नाही. मात्र आवाज न देणं आणि तपासाला लागणारा संवाद लिखित स्वरूपात पूर्ण देणं या वेगळ्या गोष्टी आहेत. अंतिम अहवालात दुसरी गोष्ट करता येते.

त्यामुळे एआय १७१ चा अंतिम अहवाल हातात घेताना 'दोषी कोण' हे पान आधी शोधू नका. लॉक असलेले स्विच हाताशिवाय हलू शकतात का, याच्या चाचण्या कशा आणि कोणी केल्या ते बघा. दोन्ही आवाज कोणाचे हे कसं ओळखलं ते बघा. २०१८ च्या सूचनेबद्दल आणि ती बंधनकारक न करणाऱ्यांबद्दल काय लिहिलंय, की काहीच लिहिलेलं नाही, ते बघा. आणि त्या वाक्याला कर्ता मिळाला असेल, तर त्याच्या शेजारी कोणता पुरावा ठेवलाय ते बघा.